अर्धी पडवी

चेंडू उजवीकडे वळला. भोकापासून वीतभर अंतरावर येईपर्यंत तो सरळ, शहाण्यासारखा आला, मग वेग मरता मरता त्याने अंग काढून घेतलं आणि उजव्या बाजूने जाऊन न्हाणीच्या उंबऱ्याला टेकला. नारायणराव पटर, म्हणजे गोल्फची काठी, हातात धरून तसेच वाकलेले राहिले. चेंडू सुटला तरी मान वर करायची नाही, तो होता त्याच जागेवर नजर ठेवायची, भोकात पडला की नाही ते कानाने ऐकायचं, असं जावयाने शिकवलं होतं, आणि चार महिने रोज सकाळी साठ चेंडू मारून ते अंगवळणीही पडलं होतं. पण नजरेच्या कडेला जे दिसलं ते दिसलंच. या पडवीत चेंडू उजवीकडे वळत नाही. तो डावीकडे वळतो, शेवटच्या हातभर अंतरात, बरोबर दोन बोटं. त्यांनी दुसरा चेंडू ठेवला, सवयीने दोन बोटं उजवीकडे नेम धरला, खांद्यातून झोका दिला. तोही उजवीकडेच गेला, आणि पहिल्यापेक्षा जास्त. तिसराही गेला. आत स्वयंपाकघरात त्यांची बायको गीताबाई प्रवासासाठी भाकरी थापत होती. संध्याकाळी साडेसहाच्या ट्रॅव्हल्सने ती पुण्याला लेकीकडे परत जाणार होती, आणि जाऊ नको असं तिला म्हणायचं की नाही हे नारायणरावांचं तीन दिवसांपासून ठरत नव्हतं.

मुळात अशा माणसाने या खेळाच्या नादी लागावं हीच एक गंमत होती. त्यांची उभी हयात भूमिअभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून गेली होती. भांडणाऱ्या भावांच्या मधोमध उभं राहून त्यांनी साखळ्या ओढल्या, खुणा शोधल्या, बांध सरळ करून दिले. जमीन म्हणजे मोजायची वस्तू, तिच्यावर काठीने पांढरा चेंडू ढकलत फिरायचं हे त्यांना कुणी तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी त्याला पाणी पाजून सावलीत बसवलं असतं. पण गेल्या दिवाळीत ते पुण्याला लेकीकडे, डिंपलकडे गेले. तिच्या सोसायटीत तरणतलावाच्या मागे प्लास्टिकच्या हिरवळीचा एक पट्टा होता, त्यात एक भोक, भोकात एक झेंडी. जावई प्रज्वल रविवारी तिथे सराव करायचा. त्याने सासऱ्यांच्या हातात आपला जुना पटर दिला. "बाबा, जोर नको. हातात चिमणीचं पिल्लू आहे असं समजा," तो म्हणाला. नारायणरावांनी पिल्लू समजून मारलं. चेंडू भोकावरून उडून गेला आणि जिन्याखाली लावलेल्या सायकलींत शिरला. दुसरा चेंडू मधेच बसला. तिसरा पुन्हा सायकलींत. शेजारच्या बाकावर गीताबाई नातवाला उजव्या कडेवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अवो, खुंटी ठोकून राह्यले काय?" आणि हसली.

ते हसणं हाच सगळ्याचा मूळ मुद्दा होता. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण ती हसायची ती पदराआड, खाली बघून, आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहून. त्या दिवशी ती मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, नातवासकट गदगदून हसली. वरचा एक दात पडला होता तोही दिसला. आधी नारायणरावांना फार बरं वाटलं. मग लगेच मनात आलं, हे हसणं तिच्यापाशी होतं तर ते खामगावच्या घरात कधी का नाही निघालं? ते पुण्यात, परक्यांच्या बाकावर, प्लास्टिकच्या गवताकाठी का निघावं? रात्रभर ते दिवाणावर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. निघताना त्यांनी जावयाकडे तो पटर मागून घेतला, दोन चेंडूंचे चार करून घेतले, आणि ट्रॅव्हल्समध्ये पायांजवळच्या जागेत काठी आडवी ठेवून पुण्यापासून खामगावपर्यंत घेऊन आले. सराव करायचा, पुढच्या खेपेला सगळ्यांदेखत दहापैकी दहा घालायचे, आणि ती कौतुकाने बघत असताना म्हणायचं, चल आता घरी. असा बेत होता. साधं 'घरी चल' म्हणायला इतका मोठा वळसा त्यांना लागत होता, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

घरामागची पडवी सरावाला उत्तम होती. अठरा फूट लांब, सात फूट रुंद, वर टिनपत्रे, एका टोकाला स्वयंपाकघराचं दार आणि दुसऱ्या टोकाला न्हाणी. पुढच्या खोल्यांत फरशी आली तेव्हा गीताबाईने पडवीला फरशी लावू दिली नव्हती. "मले पायाखाली थोडी जमीन राहू द्या," असं तेव्हा ती म्हणाली होती, आणि बावीस वर्षं दर आठवड्याला तिने ती पडवी शेणाने सारवली. नारायणरावांनी न्हाणीच्या टोकाला भोक खणलं. गोल्फचं भोक सव्वाचार इंचाचं असतं असं मोबाईलवर पाहून त्यांनी टेप घेऊन घरातली भांडी मोजली, तेव्हा जिऱ्याचा डबा मापात बसला. जिरं कागदाच्या पुडीत गेलं आणि डबा जमिनीत गेला. चेंडू आत पडला की तो टण् असा वाजायचा, आणि त्या रिकाम्या घरात दिवसभरात तेवढा एकच आवाज त्यांच्या मर्जीने होत असे. भांडी घासायला येणाऱ्या कौशल्याबाई म्हणाल्या, "सायेब, मी सारवून देऊ का पडवी? पार फुफाटा उडून राह्यला." ते घाईने म्हणाले, "नाई नाई, राहू द्या. चेंडूले असंच लागते." खोटं होतं ते. गीताबाईच्या हातावर दुसऱ्या कुणाचा हात फिरलेला त्यांना नको होता.

जोर हळूहळू काबूत आला. तीन पावलांवरून किती झोका, पाच पावलांवरून किती, हे हाताला कळू लागलं. पण चेंडू पडेना. तो भोकाच्या तोंडाशी येऊन डावीकडे जायचा. नारायणरावांनी आपल्या हाताला दोष दिला, मग चष्म्याला, मग जावयाच्या पटरला. शेवटी त्यांच्यातला मोजणीदार जागा झाला. त्यांनी पाण्याची नळी आणून पडवीची पातळी काढली. उतार होता तो उजवीकडे, तोही बोटभर, मोरीकडे पाणी जावं म्हणून दिलेला. म्हणजे चेंडू उतार सोडून चढाकडे जात होता! आयुष्यात त्यांनी जमिनीला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. खोटं बोलायची ती माणसं, जमीन कधी नाही.

उलगडा झाला तो पौषातल्या एका सकाळी. ऊन मागच्या फाटकाच्या फटीतून आडवं, जमिनीला घासून येत होतं. चेंडू उचलायला ते वाकले आणि वाकल्या जागी बसले, मग चक्क आडवे झाले आणि गाल जमिनीला लावला. त्या उन्हात पडवीवर कमानी उठल्या होत्या. एकीला लागून एक, एकीवर एक, हातभर लांबीच्या, उजवीकडून निघून डावीकडे वळत गेलेल्या. गीताबाईच्या हाताच्या. बावीस वर्षं, दर आठवड्याला, त्याच बाजूने, त्याच वळणाने हात फिरला होता, थरावर थर चढला होता, आणि डोळ्याला न दिसणारा तो बाक चेंडूला मात्र लागत होता. भिंतीकडेला कमानी मोठ्या होत्या, ऐसपैस. दाराकडे येता येता त्या लहान होत गेल्या होत्या, आणि एका ठिकाणी तर वीत वीत अंतरावर खोलगट खळगे होते, जिथे ती दर वेळी हाताचा पंजा टेकून उठत असणार. तिचे गुडघे दुखायचे? कधीपासून? ते आठवू लागले. आठवेना. तेवढ्यात कौशल्याबाई आल्या आणि ओरडल्या, "अवो माय! सायेब, पडले काय?" नारायणराव गालाला माती लागलेली तशीच ठेवून म्हणाले, "पाहून राह्यलो." कौशल्याबाईंनी त्या दिवशी भांडी जरा लवकरच आटोपली.

त्या दिवसापासून त्यांचा खेळ सुधारला. दोन बोटं उजवीकडे नेम धरायचा, बाकीचं तिच्या हातावर सोडायचं. दहातले सहा पडू लागले, मग आठ. मोबाईलवरचे शिकवणारे लोक सांगायचे की मारण्याआधी जमीन वाचा, बसून वाचा, भोकाच्या पलीकडे जाऊन उलट बाजूने वाचा. नारायणराव रोज वाचत होते. वाचता वाचता चेंडू हातातच राहायचा आणि ते भलतीकडेच जायचे. नोकरीतले दिवस आठवायचे. जानेफळला मोजणी, बिबीला मोजणी, आठ आठ दिवस मुक्काम, कुणाच्या तरी ओसरीवर पाहुणचार, बांधावर चहा. निघताना ते पिशवी खांद्याला लावून म्हणायचे, "निघतो." गीताबाई म्हणायची, "हो." एकदाही ती म्हणाली नाही की नका जाऊ. त्यांना वाटायचं, बाई समजूतदार आहे. आता रिकाम्या पडवीत बसून त्यांना कळत होतं की ते गेल्यावर ती हीच पडवी सारवत असणार, आणि इतक्या निगुतीने सारवत असणार त्याचं कारण दुसरं काही करण्यासारखं तिच्यापुढे नसणार. मग पंधरा महिन्यांपूर्वीची ती सकाळ. डिंपलची रजा संपली होती, बाळाला बघायला कुणी नव्हतं, तीन महिन्यांसाठी आईने यावं असं ठरलं होतं. फाटकाशी रिक्षा उभी, बॅग आत चढवलेली, आणि गीताबाई पायरीवरून मागे वळून म्हणाली, "जाऊ का?" तिकीट निघालेलं असताना कुणी असं विचारतं का? पण तिने विचारलं होतं, आणि विचारून ती थांबली होती. नारायणराव म्हणाले होते, "जा ना. मले काय होते?" ती वळून रिक्षात बसली. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे पंधरा. मले काय होते! त्यांना काय काय झालं ते त्या पडवीला ठाऊक होतं. वरणाला फोडणी द्यायचं त्यांनी सोडून दिलं होतं. तिची साडी दांडीवरून काढायची राहून गेली होती ती त्यांनी मुद्दाम राहू दिली होती. कधी कधी नुसता चेंडू हातात घेऊन ते दाराच्या उंबऱ्यावर बसत आणि तिची इतकी आठवण येई की छातीत खरोखरीचं दुखायचं, आणि मग घाबरून ते रक्तदाबाची गोळी घेत.

आणि तीन दिवसांपूर्वी ती आली. पिंपळगाव राजाला तिच्या भावाच्या नातीचं, निशिगंधाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, तेवढ्यासाठी तीन दिवस. डिंपलने कशीबशी तीन दिवसांची रजा काढली होती. ट्रॅव्हल्समधून उतरताना गीताबाईने बॅग डाव्या हातात घेतली होती, नारायणरावांनी ती घेतो म्हटलं तर तिने दिली सुद्धा, हे नवीन होतं. घरात शिरल्यावर ती थेट पडवीत गेली आणि बघत राहिली. जागोजागी पोपडे निघालेले, कडा ढासळलेल्या. मग तिला भोक दिसलं. "हे काय? उंदरानं बीळ पाडलं काय?" ती वाकली, आत पाहिलं, आणि तिला आपला डबा ओळखू आला. तिने वर नवऱ्याकडे पाहिलं. नारायणरावांना वाटलं आता हसेल. ती हसली नाही. "जिरं कुठी ठेवलं मंग?" एवढंच विचारून आंघोळीला गेली. दुसऱ्या दिवशी साक्षगंध झालं. पाहुणे, जेवणावळी, फोटो. सगळ्या बायका पंगतीत वाढत होत्या आणि गीताबाई खुर्चीवर बसून होती. नारायणरावांना ते पुरुषांच्या पंगतीतून दिसलं होतं, आणि पुण्याचं वारं लागलं असं वाटून थोडा रागही आला होता. काल दुपारी ते बाजारातून घरी परतले तर पडवीत ओल्या शेणाचा वास. त्या वासाने ते दारातच उभे राहिले. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा घराला घराचा वास आला होता. पण पडवी अर्धीच सारवलेली होती, न्हाणीच्या टोकापासून निम्म्यापर्यंत, आणि पुढे जुनी पांढुरकी जमीन तशीच. "अर्धीच काऊन?" त्यांनी विचारलं. "शेन पुरलं नाई," ती म्हणाली. भोक तिने बुजवलं नव्हतं. उलट डब्याच्या तोंडाभोवती बोटाने फिरवून छान कड काढली होती. ते पाहून त्यांना इतका आनंद झाला की कालच ते बोलून टाकणार होते, पण मग शेजारून कुणीतरी भेटायला आलं, आणि राहिलं.

आता सकाळचं ऊन फाटकाच्या फटीतून आत आलं होतं. नारायणरावांनी पटर भिंतीला टेकवला, गुडघ्यावर बसले, आडवे झाले आणि सारवलेल्या जमिनीला गाल लावला. ती अजून गार होती. नव्या कमानी ठळक उठल्या होत्या, बोटंसुद्धा मोजता यावीत इतक्या. त्या डावीकडून निघून उजवीकडे वळल्या होत्या. सगळ्या. आणि त्या कमानी म्हणाव्यात अशा नव्हत्याच, वीतभराच्या होत्या, वेड्यावाकड्या, एखाद्या नवख्या बाईने सारवल्यासारख्या. मधे मधे थांबल्याच्या जागा होत्या. अर्ध्यावर येऊन शेवटची ओळ तुटली होती, आणि तिथे पंज्याचा ठसा होता, अंगाचा सगळा भार टाकून उमटलेला. त्यांनी तो ठसा नीट पाहिला. अंगठा उजवीकडे होता. डाव्या हाताचा ठसा. पस्तीस वर्षांत गीताबाईने डाव्या हाताने कधी दिवा लावला नव्हता की सारवलं नव्हतं. मग त्यांना एकेक आठवत गेलं, बॅग, खुर्ची, परवा साडीच्या पिना लावायला शेजारच्या समीक्षाला मारलेली हाक. पुण्यातला तो बाक, आणि उजव्या कडेवरचं ते बारा किलोचं गुबगुबीत पोर. शेण पुरलं नाही म्हणे.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. गीताबाई भाकरी तव्यावर टाकत होती, डाव्या हाताने.

"उजवा हात वर कर," नारायणराव म्हणाले.

"कायले?"

"कर म्हनतो ना."

तिने त्यांच्या गालाकडे पाहिलं. "गालाले शेन लागलं तुमच्या."

"लागू दे. हात कर वर."

तिने हात उचलला. तो खांद्यापर्यंतही आला नाही. तोंडावर काही न दाखवण्याचा तिने प्रयत्न केला, पण खालचा ओठ दाताखाली गेला.

"कधीपासून?"

"झाले तीन-चार महिने. पोट्टं कडेवरून उतरतच नाई. रात्री तर कुशीवर व्हता येत नाई मले." तिने भाकरी उलटली. "आखडला म्हनते खांदा. व्यायाम सांगतला डॉक्टरनं."

"डिंपलले माहीत हाये?"

"तिले सांगून काय करू? तिची नोकरी. ते बिचारी आधीच रडकुंडीले आली."

"अन् मले? मले काऊन नाई सांगतलं?"

गीताबाईने गॅस बारीक केला. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुमी कधी इचारलं? फोनवर रोज एकच. जेवली का, पोट्टं झोपलं का, ठेवतो. पंधरा महिने झाले. मले वाटलं, बरं चाललं तुमचं माह्या बगर."

नारायणरावांना पुष्कळ बोलायचं होतं. डाळीची फोडणी, दांडीवरची साडी, जमिनीतल्या कमानी. त्यांनी दारातून पडवीकडे पाहिलं. बाहेर चौथा चेंडू जुन्या जमिनीवर तसाच पडून होता. दहापैकी दहा घालून, सगळ्यांदेखत, असं जे ठरवलं होतं ते त्यांना एकदम फार पोरकट वाटलं. इथे मारायला चेंडू नव्हता, नेम धरायला जागा नव्हती, समोर नुसती बायको उभी होती, हातात उलथनं घेऊन.

"जाऊ नको," ते म्हणाले. आवाज भलताच बारीक निघाला, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. "गीता, तू जाऊ नको. मले करमत नाई. तुह्याबिगर मले बिलकुल करमत नाई."

भाकरी फुगली, आणि फुगून तशीच राहिली, तिने ती काढलीच नाही. करपल्याचा वास सुटला तेव्हा तिने गॅस बंद केला. डोळे पुसायला तिने आधी उजवा हात उचलला, तो अर्ध्यावर अडला, मग डाव्याने पुसले.

"अन् पोट्ट्याचं काय?"

"लहानपनी डिंपलले कोन पाह्यलं? मी तर बिबीले व्हतो." हे वाक्य आपण कशासाठी उच्चारलं ते त्यांनाच कळलं नाही, पण ते खरं होतं आणि इतक्या वर्षांत त्यांनी ते पहिल्यांदा कबूल केलं होतं. "काहीतरी करू. त्याईले म्हनू इकडं येऊन राहा महिनाभर. नाई तर तुह्या खांद्याले आराम पडला की आपन दोघं जाऊ. मी घेतो पोट्ट्याले. दोघं जाऊ अन् दोघं येऊ. पन आज नाई."

ती पडवीच्या दारात जाऊन उभी राहिली, आपल्या अर्ध्या कामाकडे बघत.

"डिंपलले फोन तुमी लावा," ती पाठमोरीच म्हणाली. "मी नाई सांगनार. तुमचं तुमी सांगा तिले, की बाबाले करमत नाई म्हनून."

"सांगतो."

"तिकीटबी तिलेच क्यान्सल कराले लावा."

"हो."

"अन् हे अर्धं राह्यलं थे उद्या सारवू. माहा एक हात, तुमचे दोन. जमन. आज संध्याकाळीच शेन आनून ठेवा, ताजं पाह्यजे."

नारायणरावांनी मान डोलावली. खिशातला मोबाईल काढून ते पुढच्या खोलीत निघाले, दोन पावलं गेले आणि थांबले. बावीस वर्षं ते या घरात राहत होते. अर्ध्या जिल्ह्याच्या जमिनी त्यांनी मोजल्या होत्या, कुणाचा बांध कुठे सरकला हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. ते मागे वळले.

"गीता," त्यांनी विचारलं, "शेन तू आनते कुठून?"

गीताबाईने वळून त्यांच्याकडे पाहिलं. एका गालाला शेण, हातात मोबाईल, चेहरा अगदी गंभीर. आणि मग ती हसली. मान मागे टाकून, चौकटीला धरून, तो पडका दात दिसेपर्यंत हसली, इतकी की शेजारची समीक्षा कुंपणाशी आली आणि काय झालं काकू म्हणून विचारू लागली, आणि गीताबाईला काही केल्या सांगता येईना.